झेलणारी

नूतन म्हात्रे कधीच गाणं सुरू करायची नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण तिच्याविषयी लोक वाट्टेल ते बोलायचे. कुणी म्हणायचं लाजाळू आहे, कुणी म्हणायचं घाबरट आहे. घाबरट! वडखळच्या नाक्यावर जादा भाडं मागणाऱ्या रिक्षावाल्याला तिनं कसं गप्प केलं ते ज्यांनी पाहिलंय, त्यांनी एकदा तिच्यासमोर जाऊन तिला घाबरट म्हणून दाखवावं. खरं कारण वेगळंच होतं, आणि ते कळायला मलाही वेळ लागला.

मी ऋतुजा. पेणची, रामवाडीतली. लहानपणापासून पेटीच्या क्लासला गेलेली, गाण्याच्या परीक्षा दिलेली, आणि त्यामुळे गाण्यातलं आपल्याला सगळं कळतं अशी खात्री असलेली. ती खात्री अजूनही आहे. कॉलेजात युवा महोत्सवासाठी समूहगीताचा चमू करायचा ठरलं, तेव्हा तो करायचा कुणी हा प्रश्नच आला नाही. मी केला. मुली गोळा केल्या, गाणं निवडलं, चाल बसवली. नूतन त्यात कशी आली ते मात्र मला आठवत नाही. एक दिवस बघते तर मागच्या रांगेत एक उंच, सावळी मुलगी उभी, आणि माझं गाणं कधी नव्हे इतकं भरल्यासारखं वाटत होतं.

फक्त एक भानगड होती. मी 'एक, दोन, तीन' म्हणून हात खाली आणला की सगळ्या एकदम उचलायच्या, आणि नूतन एक केसभर मागून यायची. दर वेळी. मी चार वेळा समजावलं, पाचव्या वेळी खेकसले.

"हात काय बघायचा? तू गायला लागलीस की मी येतेच ना," ती शांतपणे म्हणाली. "हात कुठं गातो?"

मी तिला माझ्या अगदी मागे उभं केलं. म्हटलं, बघू. आणि जादू झाली. माझ्या तोंडातून सूर निघायचा, तो हवेत पडायच्या आत ती उचलायची. ऐकणाऱ्याला फरक कळायचा नाही, पण मला पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटायचं. समूहात गाताना एक दुखणं नेहमीचं असतं. गाणं अर्ध्यावर आलं की सगळ्यांचा सूर मिळून हळूहळू खाली बसायला लागतो, आणि सगळेच बसत असल्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. नूतन मागे असली की तो बसायचाच नाही. आमचं छान चाललं होतं. मी सुरू करायची, ती धरायची.

हे ती शिकली कुठं, ते मी तिच्या गावी गेले तेव्हा कळलं. गाव खारेपाटातलं, वडखळच्या पुढे, खाडीला लागून. घराच्या मागच्या दारातून बघितलं की मिठागरं दिसतात. वडील, शिवाकाका, तिथंच कामाला. शेजारच्या घरात त्यांची थोरली बहीण ठमाबाई, नूतनची आत्या. आणि ठमाबाई म्हणजे त्या पट्ट्यातली नावाजलेली धवलारीण.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इकडच्या लग्नात भटजी असतो, डीजे असतो, ड्रोन उडवणारा फोटोग्राफर असतो, पण हळद लागते ती धवल्यांवर. धवले म्हणजे लग्नातल्या एकेका विधीची गाणी, आणि ती गाणारी धवलारीण. ती एक ओळ सोडते. ओळ संपत येते न येते तोच मागची बाई ती उचलते आणि जशीच्या तशी पुन्हा म्हणते. तेवढ्या वेळात पहिली दम खाते, पुढची ओळ जुळवते. एक सोडणारी, एक झेलणारी. मध्ये फट पडता कामा नये. विधी चालू आहे तोवर धवला चालू राहिला पाहिजे. अर्धा तुटला तर हळदही अर्धीच लागली असं म्हणतात, आणि पोरीच्या संसाराबद्दल बायका कुजबुजायला लागतात. नूतन शाळेत असल्यापासून आत्याच्या मागे बसून झेलत होती. तिच्या वयाच्या बाकीच्या पोरी डीजेपुढे नाचत होत्या तेव्हा ही हळदीच्या पाटाशी मांडी घालून बसलेली. नाचायची हौस नव्हती असं नाही. धवला संपला की जाऊन सगळ्यांपेक्षा जास्त नाचायची.

पुढे आम्ही दोघींनी एम.कॉम.ला नाव घातलं, आणि त्याच वर्षी विद्यापीठाच्या वृंदगान पथकासाठी आमच्या जिल्ह्यातून गायक निवडायचे ठरले. चाचणी रोह्याला, तिथल्या एका कॉलेजच्या सभागृहात. मी नूतनला जवळजवळ ओढतच एसटीत बसवलं. नागोठण्यापर्यंत ती खिडकीला डोकं लावून झोपली होती. मी मात्र घसा जपायचा म्हणून एक शब्द न बोलता बसले होते, आणि मला ओळखणाऱ्यांना यावरूनच कळेल की मी किती मनावर घेतलं होतं.

निवडायला धनेश सर होते. पथक तेच बसवणार होते. वयानं आमच्याहून फार मोठे नाहीत, मूळचे रोह्याचेच, बोलता बोलता टेबलावर ताल धरायची सवय. बरोबर मुंबईहून आलेल्या एक बाई. एकेकानं पुढे येऊन एकट्यानं गायचं होतं. माझं झालं. चांगलंच झालं. मग नूतनचं नाव पुकारलं.

ती पुढे गेली, हात मागे बांधून उभी राहिली आणि टेबलाकडे बघत राहिली.

"करा सुरू," सर म्हणाले.

ती उभीच.

"पेटीवर सूर देऊ का?"

"नको," नूतन म्हणाली. "कोन सोडतंय?"

"काय?"

"ओळ कोन सोडतंय? तुम्ही सोडता की बाई सोडतात?"

मला धरणी दुभंगावी असं वाटलं. मुंबईच्या बाईंनी चष्मा काढला. मागे बसलेली पोरं खुसखुसायला लागली. त्यांच्यातला सगळ्यात मोठा आवाज निलेशचा होता. हा इथलाच, रोह्याजवळच्या भातशेतीवाल्या गावातला, धाटावला कंपनीत शिफ्ट करून कॉलेज करणारा. नूतननं मान वळवून त्याच्याकडे असं पाहिलं की तो थेट छताचा पंखा बघायला लागला.

"सर, मी एकटी गात नाय," ती पुन्हा टेबलाकडे वळून म्हणाली. आवाजात ना शरम ना विनंती. "तुम्ही कुठलीही ओळ सोडा, कुठल्याही सुरात. मी झेलते. नाय झेलली तर घरी जाते."

सरांना गंमत वाटली असावी. त्यांनी एक सोपी ओळ गायली. ती संपायच्या आत नूतननं उचलली आणि तशीच्या तशी परत दिली. सरांनी सूर चढवून दुसरी गायली. तीही परत आली. मग त्यांनी मुद्दाम वाकडीतिकडी, मध्येच उडी मारणारी तान घेतली. नूतननं ती घेतली, उडीसकट. आता मुंबईच्या बाईंना राहवेना. त्यांनी आपल्या गुरूंकडची कुठलीतरी अनवट जागा काढली, तीही तिनं झेलली, आणि बाईंनी दम घेतला तिथंच दमही घेतला. शेवटी सर हसत टेबलावरचा हात उचलून म्हणाले, "बास, बास. आता आम्ही दमलो."

तिची निवड झाली, पण सरांनी तिला थांबवून सांगितलं, "वर्षअखेरीस दीक्षान्त समारंभात आपलं गाणं आहे. त्यातली पहिली ओळ एकटीनं म्हणायची असते. ती तू म्हणायचीस. तोवर सुरू करायला शिक."

"त्ये जमनार नाय, सर. दुसरं काय बी सांगा."

"शिकशील," सर म्हणाले.

बाहेर आल्यावर मी तिच्यावर जी तोफ डागली ती कुंडलिका नदीच्या पलीकडच्या काठाला ऐकू गेली असेल. एक तर पहिली ओळ मला नाही मिळाली, याचा मला राग आला होता, आणि तो मी लपवणाऱ्यातली नाही. दुसरं, जिला मिळाली तिनं ती नको म्हटली! ती बिचारी वडापाव खात सगळं ऐकत होती. मी दमले तेव्हा म्हणाली, "तू म्हण ना पहिली ओळ. तूच चांगली सोडतेस." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

दर रविवारी सराव. एक रविवार पेणला, एक रोह्याला. सर हुशार माणूस. चाचणीत जे घडलं ते त्यांनी आमच्या सरावातच घेतलं. पेटी बंद, कागद बंद. एकानं ओळ सोडायची, बाकीच्यांनी झेलायची. शब्द ठाऊक नसले तरी चालतील, फक्त कान उघडे ठेवायचे. पहिल्यांदा नुसता गोंधळ. ओळ संपेपर्यंत आम्ही वाट बघायचो, आणि मग इतकी मोठी फट पडायची की तिच्यातून म्हैस गेली असती. नूतन मधून फिरत सांगायची, "तोंडाकडं बघू नका. त्याची ओळ संपायला आली हे त्याच्या आधी तुम्हाला कळलं पाहिजे." हळूहळू जमायला लागलं. पावसाळा सरेपर्यंत आमच्या वृंदाला एक वेगळाच पोत आला होता. बाहेरची माणसं येऊन विचारायची, यांना तुम्ही काय शिकवता.

निलेश खालच्या सुरात गायचा. आवाज भरदार, पण घसरडा. सरांनी त्याला सांभाळायला नूतनला त्याच्याशेजारी उभं केलं. "तू आज परत खाली गेलास," ती सरावानंतर सांगायची. तो म्हणायचा, "तू वर घेतेस म्हणून जातो." पुढे काय झालं ते मी वेगळं सांगायला नको. मला ते सगळ्यात आधी कळलं होतं, एवढं मात्र सांगते.

दीक्षान्त समारंभ जवळ आला तसा पहिल्या ओळीचा प्रश्न उभा राहिला. सर दर रविवारी नूतनला पुढे उभं करायचे. ती उभी राहायची. ती तोंड उघडायची, आणि मिटून घ्यायची. घाम नाही, थरथर नाही, काही नाही. नुसती ठाम उभी. एका रविवारी पेणला असंच झालं, आणि माझं डोकं फिरलं. मी तिला हॉलच्या बाहेर काढलं.

"तुझं नेमकं बिनसलंय काय? सगळी गाणी पाठ, सूर पक्का. मग नाटकं कसली?"

"नाटकं नाय गो," ती म्हणाली. "आमच्यात झेलनारीनं ओळ सोडायची नसते. सोडनारी जोवर गाते, तोवर तिचा मान. तिनं स्वतः सांगितलं, आता तू सोड, की मगच. आत्यानं अजून सांगितलं नाय."

"अगं, पण ते धवल्यात! हे विद्यापीठाचं गाणं आहे!"

"गाणं ते गाणंच ना? तोंड तर त्येच."

आता बोला. वर्षभर आम्ही तिची भीती घालवायचा प्रयत्न करत होतो, आणि तिला भीती नव्हतीच. ती आत्याची वाट बघत होती. मी तशीच तिच्याबरोबर गाडीत बसले आणि तिच्या गावी गेले. ठमाबाई ओटीवर बसून सुकट निवडत होती. मी सरळ विषय काढला. म्हटलं, आत्या, एकदा सांगून टाका हिला, की सोड ओळ. एवढ्या मोठ्या समारंभात गायचंय.

ठमाबाईनं सुपातनं मान वर केली नाही. "मी मेलू काय?"

"तसं नाही हो आत्या..."

"माजा गला अजून हाय. आनि हिला सांगून काय करू? ही चालली लगीन करून रोह्याला. त्यांच्यात धवले नाय, काय नाय. ह्या गावाची ओळ मी तिच्या हातात द्यायची आनि तिनं ती तिकडं न्हेऊन भातात पुरायची? मागं झेलायला कोन हाय तिला तिथं?" मग तिनं नूतनकडे पाहिलं. "निलेस बरा हाय. मना आवडला. पन ओळ नाय देनार."

नूतननं मान डोलावली. तिला वाईट वाटलं होतं, ते मला दिसत होतं, पण ती आत्याशी वाद घालणार नव्हती. मी घातला असता, पण तेवढ्यात माझ्यापुढे चहा आला. परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात सारखं घोळत होतं की म्हातारीचं चुकलं तरी कुठं? गावात धवले येणाऱ्या दुसऱ्या कुणी उरल्या नव्हत्या. ठमाबाईनंतर नूतन, आणि नूतन लग्न करून जाणार. म्हणजे आणखी थोड्या वर्षांनी त्या गावात हळद लागताना नुसता डीजे वाजणार होता.

दीक्षान्त समारंभात पहिली ओळ मी म्हटली. उत्तम म्हटली, हेही सांगून टाकते. नूतन माझ्या मागे होती.

त्यानंतरच्या मे महिन्यात तिची हळद ठरली. निलेशच्या आईनं, चंद्रावतीबाईंनी, आधी जरा कुरकुर केली होती. आमच्यात हे असलं नसतं, किती वेळ चालतं, पाहुणे ताटकळतात. पण नूतननं एकदाच सांगितलं की धवल्याशिवाय हळद लावून घेणार नाही, आणि सून कशी आहे याची त्यांनाही तेव्हाच कल्पना आली. खरी अडचण वेगळीच होती. नवरी पाटावर बसणार, मग आत्याच्या मागे झेलणार कोण? नवरीनं हळद लागताना मान खाली घालून गप्प बसायचं असतं. गावातल्या बायका सूर मिळवायच्या, पण झेलायचं म्हटलं की एकमेकींकडे बघायच्या.

"आम्ही येतो," धनेश सर म्हणाले.

नवरदेव सोडून सगळं पथक आलं. पेणचे, रोह्याचे, दोघं तर अलिबागहून. मुलींनी पिवळ्या साड्या नेसल्या होत्या, मुलं कडक इस्त्रीचे कुर्ते घालून घामानं भिजली होती. मांडवात उंबराची फांदी, मधोमध पाट, पाटावर नूतन. ठमाबाईनं आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सरांना म्हणाली, "ही कालेजची पोरं काय झेलनार? बघू." तिनं बसल्या बसल्या एक ओळ सोडली.

आम्ही झेलली. आणि सवयीनं, कुणी न सांगता, वरच्या, मधल्या आणि खालच्या अशा तीन सुरांत झेलली. ठमाबाईच्या कपाळावर आठी आली.

"ह्ये काय? एका ओळीचं तीन तुकडं केलं?"

"एकाच सुरात, सगळे एकाच सुरात," सर घाईघाईनं आमच्याकडे वळून म्हणाले. पाटावर बसलेल्या नवरीचे खांदे हसून हलत होते.

हळद सुरू झाली. पाच सवाष्णी पुढे आल्या, पहिलं बोट लागलं, आणि ठमाबाईनं धवला सुरू केला.

उंबराच्या सावलीला मांडव घातिला गो...

आम्ही उचलला. ती पुढची ओळ सोडायची, आम्ही झेलायचो. शब्द आम्हाला ठाऊक नव्हते आणि त्यानं काही अडत नव्हतं. वर्षभर आम्ही तेच तर करत होतो. थोड्या वेळानं मला ठमाबाईचा आवाजच तेवढा ऐकू यायला लागला, मांडव, माणसं, उकाडा सगळं मागे पडलं. मुलाची उष्टी हळद घेऊन आलेल्या चंद्रावतीबाई पुढच्या रांगेत येऊन बसल्या होत्या आणि त्यांना आता पाहुण्यांची आठवण नव्हती.

आणि मग ठमाबाईचा आवाज गेला.

खोकला नाही, ठसका नाही. मांडवाच्या दारी कुणी... एवढं म्हणाली, आणि पुढे नुसती हवा आली. तिनं पुन्हा तोंड उघडलं. हवाच. तिनं गळ्यावर हात ठेवला. सवाष्णींचे हळदीचे हात होते तिथंच थांबले. मागून कुणीतरी बाई "अगो बाय!" म्हणाली आणि कुजबुज पसरायला लागली.

आम्ही सगळे उभे होतो, कान टवकारून, तोंड उघडून, झेलायला तयार. पण सोडणारंच कुणी नव्हतं. मी सुरू करणारी बाई. आयुष्यभर मीच सुरू करत आले. त्या क्षणी मी जीव तोडून सुरू केलं असतं, पण मला पुढचा शब्द माहीत नव्हता. तो मांडवात दोघींनाच माहीत होता. एकीचा गळा बसला होता आणि दुसरी पाटावर हळद लावून मान खाली घालून बसली होती.

नूतननं मान वर केली. तिनं सरांकडे पाहिलं नाही, निलेशच्या आईकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. ठमाबाईकडे पाहिलं. ठमाबाई तिच्याकडेच बघत होती. म्हातारीनं गळ्यावरचा हात काढला आणि उपडा करून, ताटात काही वाढावं तसा, तिच्या दिशेनं पुढे केला.

मांडवाच्या दारी कुणी पाट मांडिला गो,
पाटावर बैसली लेक खारेपाटाची...

तो आवाज मी इतकी वर्षं पाठीमागून ऐकत आले होते. समोरून कधीच ऐकला नव्हता. गोड वगैरे नाही तो. सरळ आहे, आणि मांडवाच्या टोकाला उभ्या असलेल्या आचाऱ्यापर्यंत पोचेल इतका मोकळा आहे. मला रडू फुटलं. आणि मीच काय, आम्ही सगळेच ऐकत राहिलो. विद्यापीठाचं पथक, झेलण्यात तरबेज झालेलं, एकालाही झेलायचं सुचलं नाही. ओळ संपत आली, मला कळत होतं ती संपत आली, आणि माझ्या तोंडातून सूर निघेना.

ती झेलली ठमाबाईनं. बसलेल्या गळ्यानं, अर्धा आवाज आणि अर्धी हवा, पण फट पडायच्या आत. जशीच्या तशी. तिच्या मागून मग आम्ही धावलो.

हळद पुरी लागली. धवला पुरा झाला. नूतन ओळी सोडत गेली आणि आत्या आमच्या पुढे बसून, डोळे मिटून, झेलत गेली. निलेशची आई शेजारणीला सांगत होती की आमची सून गाते ती. शिवाकाका उगाचच मांडवाचा एक खांब दोन्ही हातांनी घट्ट करत होते.

सगळं झाल्यावर सर ठमाबाईच्या पाया पडायला गेले. मीही गेले. तिला नीट बोलता येत नव्हतं, घोगरं काहीतरी पुटपुटत होती. तिनं आम्हाला बाजूला सारलं आणि हळदीनं माखलेल्या नूतनला जवळ बोलावलं.

"पुढल्या रविवारी वडखळला लगीन हाय," ती फुटक्या आवाजात म्हणाली. "मी विडा घेतलाय, गायला येते म्हनून सांगितलंय. ओळ तू सोडायची. मी मागं बसंन."

नूतननं तिच्या दोन्ही हातांवर कपाळ टेकलं. मग वर बघून म्हणाली, "आत्या, रविवारी रोह्याला सराव असतो आमचा."

ठमाबाईनं आमच्याकडे पाहिलं. पिवळ्या साड्या, भिजलेले कुर्ते, एकेकाकडे, रांगेनं.

"मंग त्यांना वडखळला आन," ती म्हणाली. "मना एकटीला नाय जमनार तुला झेलायला."